त्रिमितीय टॅटू-आराखडा

टॅटू काढण्यापूर्वी शरीराच्या त्या भागाचे संगणकीय त्रिमितीय मॉडेल करून त्यावर नक्षीची जागा, आकार व कल ठरवण्याची पद्धत. फोनने चहूबाजूंनी काढलेल्या छायाचित्रांतून किंवा लेझर स्कॅनमधून मॉडेल मिळते. घाईत तयार मॉडेलवरही भागवतात. आयपॅडवरील प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये २०२१ पासून मॉडेलवर थेट रंगवता येते. ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर तर मोफत आहे.

कोपरापासून मनगटाकडे हात निमुळता होत जातो. त्यामुळे कागदावर सरळ आखलेली पट्टी हाताभोवती गुंडाळली की तिची टोके जुळत नाहीत; ती कमानदारच आखावी लागते. खांद्यावर तेवढ्यानेही भागत नाही. दोन्ही दिशांनी वळलेली गोलाई ताणल्या-आकसल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केले होते. संगणक मॉडेलचा पृष्ठभाग कापून उलगडतो आणि त्यावरून कातडीवर उमटवायचे स्टेन्सिल छापतात. काप नक्षीबाहेर ठेवणे हे कसब. आपल्याकडच्या गोंदणारणीला ही अडचण कधी आली नाही, ती थेट कातडीवरच ठिपके मांडत असे.

पंजाब व हरियाणाची सामाईक राजधानी असलेल्या चंदीगडच्या परिसरात खंडा हे शीख चिन्ह आवडीने गोंदवतात. मधोमध खंडा ही दुधारी तलवार, भोवती चक्र, दोन बाजूंना किरपाणी. हाताच्या गोलाईवर चक्र समोरून अरुंद, लंबगोल दिसते आणि किरपाणींची टोके आड जातात. मॉडेल फिरवून पाहिले की चक्र किती रुंद काढायचे ते कळते. २०२२ मध्ये गायक सिद्धू मूसेवाला यांच्या हत्येनंतर पंजाबात अनेकांनी त्यांचा चेहरा गोंदवून घेतला. चेहऱ्यात तर अशी चूक मुळीच लपत नाही.

इथल्या भरतीच्छुक तरुणांना आणखी एक हिशेब असतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्ह वा नाव चालते, पण सॅल्यूट न करणाऱ्या डाव्या हाताच्या कोपराखालील आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान. मॉडेलवर हे क्षेत्रफळ मोजता येते. निर्णय वैद्यकीय तपासणीतच होतो.

पॅरिसच्या ‘अप्रोप्रिएट ऑडियन्सेस’ या डिझायनर जोडीने २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाय स्कॅन करून औद्योगिक रोबोटकडून टॅटू काढून घेतला. प्रयोग गाजला, पण खरी अडचण सुईची नाही. मॉडेल स्थिर असते, शरीर नसते. तळहात उपडा केला की मनगटाजवळची कातडी पिळवटते, कोपराजवळची फारशी हलत नाही. म्हणून स्कॅन हात सैल सोडून घ्यावा आणि स्टेन्सिल लावल्यावर तळहात उताणा व उपडा, दोन्ही करून पाहावे.