हद्दीचं भांडण आणि घरफाळ्याची पावती

गेल्या रविवारी आक्काकडं गेलो होतो. आक्काचं घर कोल्हापूरला चिकटून असलेल्या एका गावात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी पंधरा-वीस गावं आहेत आणि सगळीकडं गोष्ट तीच. रस्त्याच्या अलीकडं महापालिका, पलीकडं ग्रामपंचायत. अलीकडच्या चहाच्या गाड्यावर उभं राहून पलीकडच्या माणसाशी बोलता येतं, एवढंच अंतर.

दारात टँकर उभा होता. आक्का पाइप धरून बॅरल भरून घेत होती आणि आत दाजी आणि भाच्याचं जुंपलं होतं. विषय एकच, हद्दवाढ.

भाचा म्हणत होता, "आबा, महापालिकेत गेलो तर निदान पाणी तरी येईल."

दाजी म्हणाले, "पाणी येईल का न्हाई म्हाईत न्हाई, घरफाळा मात्र पहिल्यांदा येईल." मग माझ्याकडं वळून, "पावणं, तुम्ही पेपरवाले. तुम्हीच सांगा, खरं कोण बोलालंय?"

मी चहा पिऊन वेळ मारून नेली. पण कागलला परत येताना वीस किलोमीटर तेच डोक्यात होतं. वीस वर्षं मी या विषयाच्या बातम्या देतोय. मोर्चा, बंद, निवेदन, बैठक, 'तीव्र विरोध', 'लवकरच निर्णय'. पण दाजींच्या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर एकाही बातमीत दिल्याचं आठवत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी इतिहास. कोल्हापुरात नगरपालिका आली १८५४ साली. तेव्हाचं शहर म्हणजे अंबाबाईचं देऊळ, जुना वाडा आणि भोवतीच्या पेठा. १८९१ ला मिरजेहून रेल्वे आली आणि शहराचं तोंड पूर्वेकडं वळलं. आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये स्टेशनजवळ शाहूपुरी वसवली. व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या आणि गुळाची बाजारपेठ उभी केली. म्हणजे आज ज्याला आपण 'शहरातली मध्यवस्ती' म्हणतो, ती एकेकाळी गावाबाहेरच होती. कसबा बावडा आज महापालिकेत आहे, पण तिथं ऊस आहे, राजाराम साखर कारखाना आहे आणि बावडेकराला तुम्ही नुसतं 'शहरातला' म्हणून बघा, तो लगेच दुरुस्ती करेल.

सांगायचा मुद्दा, शहर वाढणं कोल्हापूरला नवं नाही. पण शाहूपुरीच्या वेळी आधी देणं होतं, मग घेणं. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

१५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली. क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. तेव्हापासून आजपर्यंत हद्द इंचभरही वाढलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखाच्या आसपास होती, ५,४९,२३६. पण खरं कोल्हापूर तेवढं नाही. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर, बालिंगा, इकडं शिरोली, शिये, वडणगे. यातल्या कित्येक ठिकाणी गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं हे रिक्षावाल्यालाही सांगता यायचं नाही.

मग हद्द वाढली का नाही? राजकारण आहेच, त्यावर पुढं येतो. पण एक कारण विसरलं गेलंय, ते म्हणजे जकात.

माझ्या वयाच्या लोकांना जकात नाके आठवत असतील. ट्रकांची रांग, पावती फाडणारा कारकून आणि नाका चुकवून आडवाटेनं जाणारा टेम्पो. सामान्य माणसाला महापालिकेची हद्द नकाशावर दिसत नव्हती, ती नाक्यावर दिसत होती. नाक्याच्या आत माल आणला की पैसे मोजा, बाहेर ठेवला की नको. याचा परिणाम बघायचा असेल तर गांधीनगरला जा. वळिवड्याच्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. ते गेले आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. त्या छावणीतून कापडाची एवढी मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली. सिंधी समाजाचे कष्ट तर होतेच, पण ती जकात हद्दीच्या बाहेर होती ही गोष्टही छोटी नव्हती. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीही हद्दीबाहेरच राहिल्या.

थोडक्यात, हद्दीबाहेर राहण्यात रोकडा फायदा होता. गावांना होता, व्यापाऱ्यांना होता, उद्योजकांना होता. 'हद्दवाढ म्हणजे खिशाला चाट' हे समीकरण त्या काळात डोक्यात बसलं.

पुढं काय झालं? २०११ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून एलबीटीही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. २०१७ ला जीएसटी आला. आता महापालिकेला त्या बुडालेल्या उत्पन्नापोटी सरकारकडून भरपाईचं अनुदान येतं, आणि ते जुन्या वसुलीच्या पायावर ठरलेलं आहे. म्हणजे नाके गेले, नाक्यांची भीती गेली. पण एक नवा प्रश्न आला, तो शहरवाले कधी बोलून दाखवत नाहीत. नवी गावं आली तर रस्ते, पाणी, गटार, दिवे, कचरा यांचा खर्च वाढणार. त्या अनुदानात गावांपोटी भर कुठून पडणार? पडली नाही तर राहतो एकच हुकमी मार्ग, घरफाळा. दाजी चुकीचं बोलत नव्हते.

हद्दवाढीचे प्रस्ताव १९९० पासून सरकारदरबारी आहेत. कधी ४२ गावं, कधी वीस, अलीकडं तर आठ गावांवर चर्चा आली. प्रत्येक वेळी तेच चित्र. शहरात कृती समिती, 'हद्दवाढ झालीच पाहिजे'. गावांत कृती समिती, 'हद्दवाढ नको म्हणजे नको'. बंद, मोर्चे, ग्रामसभांचे ठराव. विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा, इथपर्यंत शहरातून मागणी गेली. शेवटी १६ ऑगस्ट २०१७ ला सरकारनं मधला मार्ग म्हणून कोल्हापूर क्षेत्र नागरी विकास प्राधिकरण काढलं. करवीर तालुक्यातली ३७ आणि हातकणंगले तालुक्यातली ५, अशी ४२ गावं त्यात घातली. गावं गावंच राहतील आणि विकास शहरासारखा होईल, असं सांगण्यात आलं. आता त्या गावांतल्या कुणालाही विचारा, प्राधिकरणानं काय दिलं? पहिलं उत्तर येतं, 'बांधकाम परवान्याचे हेलपाटे.'

आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडू.

शहराचं म्हणणं असं. गावातली माणसं रोज शहरात येतात. रस्ते वापरतात, केएमटी वापरतात, मंडई आणि बागा वापरतात, आग लागली तर अग्निशमनची गाडी बोलावतात. कर मात्र ग्रामपंचायतीला देतात. शिवाय लोकसंख्या आणि क्षेत्र कमी म्हणून मोठ्या योजनांत कोल्हापूर मागं पडतं. राज्यातली मोठी शहरं स्मार्ट सिटीत गेली, कोल्हापूर गेलं नाही. त्याचं खापर हद्दीवर फोडणारे शहरात भरपूर आहेत.

गावांचं म्हणणं असं. घरफाळा वाढेल. विकास आराखड्यात शेतीवर आरक्षणं पडतील आणि मग ना विकता येईल ना बांधता येईल. वित्त आयोगाचा पैसा आज थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, तो जाईल. ग्रामीण घरकुल आणि इतर योजना जातील. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तुमच्याच शहरात सगळं कुठं बरोबर चाललंय? काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी शहराला मिळायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, इतकी वर्षं लोकांनी वाट बघितली. २२० कोटींच्या रस्ते प्रकल्पाचा टोल आठवा. तो घालवायला सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा कुठं २०१५ च्या शेवटी सरकारनं रद्दची घोषणा केली. शहराचाच महापालिकेवर विश्वास नाही, मग गावांनी तो कशाच्या जोरावर ठेवायचा?

राजकारण कुठं आहे? दोन्हीकडं आहे. गाव महापालिकेत गेलं की सरपंचपद जातं, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदारसंघ मोडतात. पिढ्यान्पिढ्या त्यावर उभे असलेले गट कोलमडतात. विरोधाच्या मोर्चात पुढं कोण चालतं ते नीट बघा. आणि शहरात? नवी जमीन, नवे प्लॉट, वाढीव एफएसआय. समर्थनाच्या बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसतं तेही नीट बघा.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. आपल्या कायद्यात हद्दवाढीला मतदान नाही. सरकार अधिसूचनेचा मसुदा काढतं, हरकती मागवतं आणि निर्णय घेतं. ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही. आणि महापालिकेत गेल्यावर तरी आपला नगरसेवक मिळतो का? कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षं प्रशासक. त्या काळात गाव महापालिकेत गेलं असतं तर हाताशी असलेला सरपंच जाऊन साहेबांच्या केबिनबाहेर चिठ्ठी देऊन बसायची पाळी आली असती. गटार तुंबलं तर सरपंचाला गल्लीत अडवता येतं. प्रशासकाला कुठं अडवणार?

बाहेर काय झालं तेही बघू. पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली. त्या ११ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी होती. पुण्याच्या कचरा डेपोचा वास ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला, तीच ही गावं. आत गेल्यावर करांची बिलं आली आणि सोयी मागं राहिल्या, अशी ओरड सुरू झाली. शेवटी ही दोन्ही गावं पुण्यातून बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. कल्याणजवळची २७ गावं १९८३ ला महापालिकेत गेली, २००२ ला बाहेर आली, २०१५ ला परत आत. पुढं त्यातली १८ पुन्हा वेगळी करायचा घाट घातला, तो हायकोर्टानं २०२० मध्ये रद्द केला. हिशेब न मांडता रेघ ओढली की ती परत परत खोडावी लागते.

अमेरिकेत अटलांटा शहराजवळ सँडी स्प्रिंग्ज म्हणून वस्ती आहे. तिथल्या लोकांना वाटायचं, आपण कर भरतो आणि पैसा दुसरीकडं जातो. २००५ मध्ये मतदान झालं आणि प्रचंड बहुमतानं त्यांनी स्वतःचं वेगळं शहर केलं. बहुतेक सगळी कामं एका खासगी कंपनीला दिली. सगळीकडं कौतुक झालं. २०१९ मध्ये त्यांनीच परत हिशेब केला आणि स्वतःची माणसं नेमणं स्वस्त पडतं म्हणून बरीच कामं माघारी घेतली. त्यांचं सगळं बरोबर होतं असं नाही. पण लोकांना विचारलं होतं आणि आकडे मांडून निर्णय बदलायची तयारी होती.

आपल्याकडं नेमकं तेच नाही. पस्तीस वर्षं 'हो' आणि 'नको' चाललंय, पण कुठल्याही गावाच्या चावडीवर एक साधा कागद लागलेला मी बघितला नाही. आज तुमच्या हजार चौरस फुटाच्या घराला घरफाळा किती? महापालिकेत गेल्यावर दर वर्षी किती होत जाणार? नळाचं पाणी कुठल्या वर्षी, कुठल्या टाकीतून? गटार कधी? तुमच्या शेतावर आरक्षण आहे का? नगरसेवक किती? दिलेली तारीख चुकली तर वाढीव घरफाळा थांबणार का? एवढे सहा-सात प्रश्न. महापालिकेनं सही-शिक्क्यानिशी उत्तरं द्यावीत, मग बैठक लावावी. आणि गावांनीही 'नको'च्या खाली लिहावं की नको असेल तर पाणी, कचरा, सांडपाणी यांचं आम्ही स्वतः काय करणार. कारण पंचगंगेत जाणारं सांडपाणी हद्द बघून जात नाही.

कागलकर म्हणतील, आपल्याला काय त्याचं? आपली नगरपरिषद आहे, आपण लांब आहोत. पण हायवेच्या दोन्ही अंगाला प्लॉट पडतायत ते बघताय ना? पंचतारांकित एमआयडीसी दाराशी आहे. उद्या आपल्या नगरपरिषदेच्या हद्दीचा विषय निघेल, तेव्हा शेजारच्या गावांच्या लेखी आपण 'शहरवाले' असू. त्या वेळी आपण काय घेऊन त्यांच्याकडं जाणार, नळ का नोटीस? शाहू महाराजांच्या मूळ घराण्याचं गाव म्हणवतो, तर निदान त्यांचा क्रम तरी पाळू. आधी देणं, मग घेणं.

निघताना आक्काला विचारलं होतं, तुझं काय मत? ती पाइप गुंडाळत म्हणाली, "महिन्याला टँकरला किती जातात ते ह्या दोघांनी कधी विचारलंय का? तो बी घरफाळाच की माझा."

तो आकडा तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, महिन्यामहिन्याचा. हद्दीच्या भांडणात आजवर तो कुणी मागितलेला नाही. तुमच्या घरातही असा आकडा असेल तर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला तोच घेऊन जाऊ.