माफी कुणाची, कशाची?

आजचा भाग सरकारी माफीवर. म्हणजे सरकार देतं ती नाही. कर्जमाफी, सारामाफी, दंडमाफी हे शब्द आपल्या कानावरून रोज जातात. सरकार स्वतः माफी मागतं तेव्हा नेमकं काय बोलतं, ते आज बघू. उदाहरण आपल्या जालन्याचंच घेतो.

१ सप्टेंबर २०२३. अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण २९ ऑगस्टपासून चालू होतं. पोलीस त्यांना दवाखान्यात हलवायला आले, लोकांनी विरोध केला, मग लाठ्या चालल्या आणि अश्रुधूर सुटला. आधी दगड आले असं पोलीस म्हणतात, आधी लाठी आली असं गावकरी म्हणतात. जखमी दोन्हीकडे झाले. बायाबापड्यांना मार बसल्याचे व्हिडिओ तुम्हीही तेव्हा फॉरवर्ड केले असतील.

४ सप्टेंबरला मुंबईत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस बोलले. बळाच्या वापराचं समर्थन होऊ शकत नाही, आणि ज्या निष्पाप लोकांना इजा झाली त्यांची शासनाच्या वतीने क्षमा मागतो, असा त्यांचा आशय होता. खातं त्यांचं, पोलीस त्यांचे. तीन दिवसांत गृहमंत्र्याने क्षमा मागणं ही आपल्याकडे छोटी गोष्ट नाही, एवढं मान्य करायलाच हवं. कारण सरकारची सवयीची भाषा 'दिलगिरी'ची. दिलगिरी म्हणजे मुळात मन उदास होणं. मन तर शेजाऱ्याचंही उदास होतं, त्याला गुन्हा कबूल करावा लागत नाही.

पण त्याच बोलण्यात पुढे काय आलं? लाठीमाराचा आदेश मंत्रालयातून गेला ही अफवा आहे. आणि मग जुना हिशोब: नागपुरात गोवारी मेले तेव्हा, मावळात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला तेव्हा, आदेश कुणी दिले होते? म्हणजे माफी मागून होते न होते, तोच समोरच्याची चूक निघाली. वर्षभराने हेच पुन्हा दिसलं. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. उद्घाटनाला वर्षही झालं नव्हतं. ३० ऑगस्टला पंतप्रधान मोदींनी पालघरच्या सभेत शिवरायांची माफी मागितली आणि त्याच भाषणात सावरकरांचा अपमान करणारे माफी मागत नाहीत, हेही सुनावलं. पक्ष कुठलाही असो, ही 'माफी, पण' आता आपल्याला पाठ झालीय.

'पण' न लावताही बोलता येतं. ऑगस्ट २००५ मध्ये मनमोहन सिंगांनी राज्यसभेत १९८४ च्या शीख हत्याकांडाबद्दल माफी मागितली. शिखांचीच नाही, तर साऱ्या देशाची, आणि शरमेने मान खाली घालतो म्हणाले. नानावटी आयोगाचा अहवाल आल्यावर, २१ वर्षांनी. उशीर किती, ते तुम्हीच मोजा. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडल्याबद्दल संसदेत माफी मागितली, तेव्हा दोष कुणाचा हे सरळ सांगितलं: आधीच्या संसदांचे आणि सरकारांचे कायदे आणि धोरणं. 'मुलं दुरावली' असं म्हणून ते सुटले नाहीत. उलट २०१९ मध्ये जालियनवाला बागेच्या शंभरीला थेरेसा मे यांनी ब्रिटिश संसदेत खेद व्यक्त केला आणि माफी हा शब्द टाळला. शब्द टाळायचा तर त्यामागे कारण असतं. माफीच्या मागोमाग भरपाई येते.

मराठीत हा खेळ फार सोपा आहे. 'लाठीमार केला' म्हटलं की कुणी, हा प्रश्न आलाच. 'लाठीमार झाला' म्हटलं की तो पावसासारखा आपोआप पडला. 'बळाचा वापर करण्यात आला' यातला करणारा तर शोधूनही सापडत नाही. पेपर वाचताना हे क्रियापद बघत चला, मजा येते. कधीकधी रागही येतो.

अंतरवालीच्या लोकांना नुसते शब्द नको होते. मारणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा आणि आमच्यावरचे गुन्हे मागे घ्या, अशी त्यांची मागणी होती. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. १४ सप्टेंबरला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि उपोषण सुटलं. मग डिसेंबरात, नागपूर अधिवेशनात, याच घटनेवर गृहखात्याचं लेखी उत्तर आलं. त्यात पोलिसांनी केलेला बळाचा वापर वाजवी ठरवला होता.

सप्टेंबरात समर्थन होऊ शकत नव्हतं. डिसेंबरात झालं. पहिलं कॅमेऱ्यासमोर बोललेलं आहे, दुसरं विधिमंडळाच्या कागदावर आहे.

गोवारींचं नाव आज ओझरतं आलं. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, ११४ माणसं. ती गोष्ट पुढच्या भागात, सविस्तर.