कडेवरचे बाळ

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक छायाचित्र असते. एक उंच टेबल, त्यावर जाड काच, काचेवर मधोमध एक फळी. फळीच्या एका बाजूला चौकटींचे कापड काचेला खालून लागूनच बसवलेले. दुसऱ्या बाजूला तेच कापड पार खाली जमिनीवर. काच दोन्हीकडे आहे, पण नजरेला दुसरीकडे सरळ खड्डा दिसतो. फळीवर एक रांगते बाळ कडेशी थबकले आहे. पलीकडून आई बोलावते आहे आणि ते जायला तयार नाही. अठ्ठावीस वर्षे मी हे चित्र फळ्यावर काढले आणि त्याखाली दर वर्षी एकच वाक्य लिहून दिले : 'खोलीची जाणीव व भीती जन्मजात असते.' मुले हसायची. खोली म्हणजे राहायची जागासुद्धा, आणि वसतिगृहातल्या मुलांना तिची भीती वाटणे स्वाभाविकच होते.

गेल्या वर्षी माझी साडेसात महिन्यांची नात दिवाणावरून पडली. रांगायला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. मी दोन हातांवर बसले होते. ती कडेपर्यंत आली, खाली पाहिले, नीट पाहिले, आणि पुढचा हात हवेत टाकला. कपाळाला टेंगूळ आले, बाकी काही झाले नाही. पण लेकीने जे विचारले ते टेंगळापेक्षा जास्त लागले. "आई, तूच सांगायचीस ना, बाळांना कड उपजत कळते म्हणून?"

त्या आठवड्यात मी मूळ लेख मिळवून वाचला. इतकी वर्षे शिकवलेला प्रयोग मी मुळातून कधी वाचलाच नव्हता, हे इथे कबूल केलेले बरे.

प्रयोगामागचा प्रश्न जुना आहे. १७०९ मध्ये जॉर्ज बर्कली या आयरिश तत्त्वज्ञाने मांडले की अंतर डोळ्यांना थेट दिसत नाही; डोळ्याच्या पडद्यावर उमटते ते सपाट चित्र. जवळ काय आणि लांब काय, हे माणूस स्पर्शाच्या आणि हालचालीच्या अनुभवातून शिकतो. याउलट, ही जाणीव उपजतच असते असे मानणारे लोकही होते. वाद अडीचशे वर्षे चालला, पण ज्याच्याविषयी तो होता त्या तान्ह्या बाळाला कोणी विचारू शकत नव्हते.

ते विचारायची युक्ती एलिनॉर गिब्सन यांना सुचली. त्यांची कहाणीही काठाकाठाने चाललेली आहे. १९३० च्या दशकात येल विद्यापीठात रॉबर्ट यर्किस यांच्या प्रयोगशाळेत काम करायची त्यांची इच्छा होती. आपल्या प्रयोगशाळेत बायकांना जागा नाही, असे सांगून यर्किसनी त्यांना परत पाठवले. पुढे पती जेम्स गिब्सन कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि नवरा-बायको दोघांनाही नेमायचे नाही या नियमामुळे एलिनॉर तिथे वर्षानुवर्षे विनावेतन संशोधक राहिल्या. प्राध्यापकपद मिळाले ते १९६६ मध्ये. म्हणजे जगातल्या सगळ्या पाठ्यपुस्तकांत गेलेला हा प्रयोग त्यांनी केला तेव्हा विद्यापीठाच्या लेखी त्या प्राध्यापक नव्हत्याच.

सहकारी रिचर्ड वॉक यांच्याबरोबर त्यांनी आधी अंधारात वाढवलेले उंदीर काचेवर सोडले. ते उथळ बाजूलाच उतरले. शेळीची करडे जन्मल्यावर पायांवर उभी राहताच तपासली; त्यांनीही खोल बाजूला पाय टाकला नाही. मग सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळे आणली. त्यांतली २७ फळीवरून हलली. ती सगळी उथळ बाजूने आईकडे गेली. खोल बाजूवर रांगत गेली फक्त तीन. १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हा लेख छापून आला आणि छायाचित्र जगभर गेले.

छायाचित्र गेले, लेख मागे राहिला. लेखात साफ लिहिले आहे की बाळे रांगू लागल्यावरच तपासता येत असल्यामुळे माणसाच्या बाबतीत ही जाणीव उपजत आहे असे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. अंधारात वाढवलेली मांजराची पिल्ले सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखीच उतरली, उजेडात आल्यावर काही दिवसांनी शहाणी झाली, हेही त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले : फळीवर वळताना कित्येक बाळांचे हात-पाय खोल बाजूच्या काचेवर गेले, काही तर मागे सरकत तिच्यावर पोचली. काच नसती तर ती पडली असती. म्हणून, बाळाला खोली कितीही कळत असली तरी त्याला कडेजवळ एकटे सोडू नये, असा इशारा लेखकांनी स्वतःच दिला होता. मी अठ्ठावीस वर्षे याच्या उलट ऐटीत शिकवत होते.

मग बाळाला दिसते तरी काय? इथे पुढचे संशोधक कामी आले. १९७० मध्ये जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दोन महिन्यांच्या बाळांना खोल बाजूच्या काचेवर पालथे ठेवले आणि हृदयाचे ठोके मोजले. भीती वाटली तर ठोके वाढतात. इथे ते मंदावले. मंद ठोके म्हणजे लक्ष लागले आहे. बाळाला दोन बाजूंतला फरक कळत होता, पण भीतीचे नाव नव्हते. उलट त्याला ते गमतीचे वाटत असावे. १९८० च्या सुमारास रिचर्ड हेल्ड आणि इतरांनी दाखवले की दोन डोळ्यांच्या दोन चित्रांची सांगड घालून खोली पाहण्याची क्षमता साधारण चौथ्या महिन्यात येते, आणि ती काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. ('लहानपणी सगळ्यांचेच डोळे थोडे तिरळे असतात, मोठेपणी सरळ होतात' असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. पहिल्या काही महिन्यांपुरते ते ठीक. चार महिन्यांनंतरही डोळा तिरका दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. सांगड घालायला शिकण्याचा काळ तोच असतो.)

भीती कुठून येते, याचे कॅम्पोस यांचे उत्तर बर्कलीला आवडले असते : रांगण्यातून. एकाच वयाच्या बाळांत, जी काही आठवडे रांगली आहेत त्यांचे ठोके खोल बाजूवर नेताना वाढतात. जी रांगत नाहीत त्यांचे नाही. डोळ्यांना खड्डा आधीच दिसत असतो. खड्ड्याचा आपल्याशी संबंध काय, हे गुडघे शिकवतात.

आणि आईचा चेहरा. १९८५ मधला एक प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. वर्षाच्या बाळांसाठी कडा मुद्दाम तीसेक सेंटिमीटरची ठेवली, धड उथळ नाही धड खोल नाही. बाळ थबकून आईकडे पाहते. आईने बोलायचे नाही, फक्त चेहरा करायचा. हसऱ्या चेहऱ्याच्या १९ बाळांपैकी १४ पार गेली. घाबरलेल्या चेहऱ्याच्या १७ पैकी एकही नाही.

या कथेला शेवटचे वळण दिले ते कॅरन अडॉल्फ यांनी. १९९० च्या दशकात त्यांनी खुद्द गिब्सन यांच्याबरोबर उतारांवरच्या बाळांचा अभ्यास केला होता. २००० मध्ये त्यांनी काच काढूनच टाकली. समोर खरी फट, आणि पडणाऱ्या बाळाला झेलायला शेजारी संशोधक. साडेनऊ महिन्यांची बाळे सरावाच्या बैठ्या स्थितीत फटीपलीकडे किती वाकायचे हे बरोबर ओळखत. तीच बाळे नव्याने रांगताना त्याच फटीत बेधडक घुसत. म्हणजे बसून मिळालेले शहाणपण रांगताना उपयोगी पडत नाही. पुढच्या प्रयोगात तर वर्षाची सराईत रांगणारी बाळे खऱ्या कड्यापाशी थांबली, आणि त्याच वयाची नुकती चालू लागलेली बाळे चालत चालत कड्यावरून गेली. अडॉल्फ तर म्हणतात की थांबणारी बाळेही घाबरलेली नसतात. ती कडेला बसून खाली हात घालतात, हसतात, आणि उतरायची दुसरी वाट शोधतात.

हे मी घरातच पाहिले. पडल्यानंतर दीड महिन्याने नात दिवाणाच्या कडेशी आली, थांबली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पाठमोरी होऊन पाय खाली सोडत उतरली. कोणी शिकवले नव्हते. लेकीला मी फोन करून सांगितले, जरा फुशारकीनेच.

अकराव्या महिन्यात ती चालू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी, दोन्ही हात वर करून, मोठ्याने हसत, ती ओट्याच्या कडेवरून सरळ पुढे निघाली. या वेळी मागून फ्रॉक माझ्या मुठीत होता.