हेवी-ड्यूटी पिकअपमध्ये छोटे टर्बो पेट्रोल इंजिन का बसवत नाहीत?

फोर्ड कंपनीच्या दोन अमेरिकन पिकअपचे आकडे शेजारी ठेवले की कोडे पडते. २०२१ च्या एफ-१५० मधले ३.५ लिटरचे इकोबूस्ट टर्बो इंजिन ४०० हॉर्सपॉवर आणि सुमारे ६७८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याच वर्षीच्या, त्याहून वजनदार एफ-२५० मधले ७.३ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आकाराने दुपटीहून मोठे आहे. त्याची पॉवर ४३० हॉर्सपॉवर असली तरी टॉर्क सुमारे ६४४ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्यापेक्षा कमीच! मग जास्त ओझे ओढणाऱ्या गाडीला कंपनीने छोटे टर्बो इंजिन का दिले नाही?

हेवी-ड्यूटी पिकअप म्हणजे काय?

पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाजी किंवा सिमेंट वाहणारी बोलेरो येते. अमेरिकेतली हेवी-ड्यूटी पिकअप त्याहून बरीच मोठी असते. मालासकट गाडीचे कमाल वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंच्या वर असेल, तर ती साधारणपणे या गटात मोडते. फोर्ड सुपर ड्यूटी, शेवरले सिल्व्हराडो एचडी आणि रॅम २५०० व ३५०० ही त्यातली प्रमुख नावे. गुरांचे ट्रेलर, बांधकामाची यंत्रे, बोटी असे अनेक टनांचे ओझे ओढणे हेच त्यांचे काम.

दोन्ही इंजिने ताकद कुठून आणतात?

जास्त ताकद हवी तर जास्त इंधन जाळावे लागते आणि त्यासाठी जास्त हवा लागते. पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. मोठे इंजिन मोठ्या सिलिंडरमध्ये ही हवा स्वतः ओढून घेते. टर्बोचार्जर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवतो आणि छोट्या सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो. म्हणून टर्बो इंजिन हलक्या कामात छोट्यासारखे कमी पेट्रोल पिते आणि पॅडल दाबले की मोठ्यासारखे ओढते.

खरी अडचण उष्णतेची

रिकाम्या गाडीने ओव्हरटेक करताना पूर्ण ताकद काही सेकंदच लागते. सहा टनांचा ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना ती सलग वीस-पंचवीस मिनिटे लागू शकते. छोट्या इंजिनात तेवढेच इंधन कमी जागेत जळते, त्यामुळे सिलिंडर, पिस्टन आणि टर्बोवर उष्णतेचा ताण जास्त येतो. पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन ‘नॉक’ होण्याचा धोकाही वाढतो.

इंजिनाचा संगणक ते टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि भाग थंड ठेवण्यासाठी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल ताकदीसाठी नसून गारव्यासाठी खर्च होते. म्हणून ओझे लागले की छोट्या टर्बोचा ॲव्हरेज झपाट्याने खाली येतो. मोठ्या इंजिनालाही हे करावे लागते, पण त्याची वेळ उशिरा येते.

फोर्डचे ७.३ लिटर इंजिन जाणूनबुजून साधे आहे: ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यातच बसवलेला एक कॅमशाफ्ट, टर्बो नाही, इंटरकूलर नाही. बिघडायला भाग कमी आणि दुरुस्तीला जागा जास्त. गाडी बंद राहिली की ज्याची मजुरी बुडते, त्याच्यासाठी हे महत्त्वाचे असते.

नियमांचाही वाटा आहे

अमेरिकेत हलक्या पिकअपच्या काचेवर सरकारी ॲव्हरेजचे लेबल लावावे लागते. ८,५०० पौंडांवरच्या पिकअपना ते बंधन नाही. त्यांचे इंधनवापराचे निकषही वेगळे असून ते ठरवताना गाडी किती माल वाहते आणि किती ओढते हे पाहिले जाते. त्यामुळे इंजिन लहान करण्याचा दबाव हलक्या गाड्यांवर जास्त पडला.

टर्बो कुठे जिंकतो?

उंचीवर. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे हवा जवळपास ३० टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात घटते. टर्बो हवा दाबून ही तूट बरीचशी भरून काढतो. शिवाय त्याचा टॉर्क कमी आरपीएमला मिळतो. मोठ्या व्ही-८ ला त्यासाठी गिअर खाली टाकून जोरात फिरावे लागते.

डिझेलचे गणित वेगळे

हेवी-ड्यूटी पिकअपमधली आजची सगळी डिझेल इंजिने टर्बोच आहेत, पण छोटी नाहीत: कमिन्स आणि पॉवर स्ट्रोक ६.७ लिटर, ड्युरामॅक्स ६.६ लिटर. डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते आणि इंधन शेवटी सोडले जाते, त्यामुळे पेट्रोलसारख्या नॉकिंगची मर्यादा आड येत नाही. जादा हवा त्याला मानवते. २०२५ च्या रॅममधले कमिन्स सुमारे १,४५८ न्यूटन-मीटर टॉर्क देते. मात्र डिझेलसाठी हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची देखभालही महाग असते.

मग निवड कशी करावी?

बहुतेक दिवस गाडी रिकामी किंवा हलकी धावत असेल आणि ट्रेलर अधूनमधूनच लागत असेल, तर हलकी पिकअप आणि छोटा टर्बो हा शहाणपणाचा सौदा आहे. रोज ओझे असेल, पण वर्षभराचे अंतर फार नसेल, तर मोठे साधे पेट्रोल इंजिन परवडते. रोज जड ट्रेलर आणि लांबचा पल्ला असेल, तर डिझेलचा जादा पैसा वसूल होतो. जाहिरातीतला टॉर्कचा आकडा इंजिन किती ओढू शकते एवढेच सांगतो. ते किती वेळ आणि किती पेट्रोल पिऊन ओढेल, हे आकडा सांगत नाही; खरेदीपूर्वी तेच विचारायला हवे.