लाजाळू आपल्या बांधावर आली कुठून?

पावसाने उघडीप दिली की बांध साफ करायची कामं निघतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो, लाजाळू उपटायची की ठेवायची? उत्तर देतो, पण आधी तिचा थोडा इतिहास.

लाजाळू मूळची इथली नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. लिनियसने 1753 मध्ये तिला मिमोसा पुडिका हे नाव दिलं. पुडिका म्हणजे लाजरी. आपल्या पट्ट्यात वसईपासून माहीम, तारापूर, डहाणूपर्यंत 1534 नंतर पोर्तुगीजांचा अंमल बसला, तो 1739 ला चिमाजी अप्पांच्या फौजेने उठवला. त्या काळात अमेरिकेकडची मिरची, काजू, पेरू, अननस जहाजांनी इकडे आले. आपला घोलवडचा चिकूसुद्धा मूळचा तिकडचाच. ही सगळी माणसाने मुद्दाम लावली. लाजाळूला कुणी लावायची गरजच नाही. शेंगेच्या कडेला राठ केस असतात, ते धोतराला, गुरांच्या अंगाला चिकटतात आणि बी चालतं पुढच्या गावाला.

कुणी म्हणेल, आयुर्वेदात लज्जालू आहे, मग परकी कशी? तर आपली स्वतःची पण एक लाजरी आहे. वीतभर उंच, माडाच्या रोपट्यासारखी दिसणारी, पिवळ्या फुलांची, पावसाळ्यात ओलसर जागी उगवते. ती पण पानं मिटते. सतराव्या शतकात डचांनी केरळात तयार केलेल्या होर्टस मलबारिकस ग्रंथात तिचं चित्र आहे. दोघींच्या नावाची सरमिसळ झालेली आहे. म्हणून मुळी उगाळून मूळव्याधीवर लावण्याआधी जाणत्या वैद्याला झाड दाखवा.

शास्त्रज्ञांना तर हिने वेड लावलं. 1729 मध्ये फ्रान्सच्या द मेराँने लाजाळू अंधारात ठेवली. ऊन नसतानाही दिवसा पानं उघडली, रात्री मिटली. म्हणजे झाडाच्या आत घड्याळ असतं, हे तिथे पहिल्यांदा कळू लागलं. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात यंत्रं बनवून दाखवलं की स्पर्शाचा संदेश झाडात विजेसारखा जातो. पान मिटतं ते देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतलं पाणी सरकल्यामुळे. काही मिनिटांत परत उघडतं.

आता मुद्द्यावर येतो. हिच्या मुळांवर गाठी असतात, भुईमुगासारख्या. हवेतला नत्र जमिनीत येतो. हे ऐकून कुणी बी पसरायला निघू नका! आसामात चहाच्या मळ्यांत नत्रासाठी हिच्याच जातीतली मोठी काटेरी बहीण लावली, ती काझीरंगाच्या गवताळ रानात घुसली आणि गेंड्यांचं गवत दाबून टाकलं. शिवाय या झाडांत मिमोसिन नावाचं विष असतं, सुबाभळीत असतं तेच. गुरांनी जास्त खाल्लं तर केस गळतात. शेळीने दोन घास खाल्ले तर काही बिघडत नाही.

भाताच्या राबात आणि लावणीच्या खाचरात ती नकोच. चिखलात उघड्या पायाने लावणी करणाऱ्या बायांना काटे बोचतात, त्यांचा विचार कोण करणार? चिकूच्या वाडीत मात्र मी ओळींच्या मधली राहू देतो. चिकूची मुळं वरवर असतात, खोल खणून तण काढलं तर तीच तुटतात. माती उघडी राहिली तर पहिल्या सरीत वाहून जाते. बुंध्याभोवती तेवढी आळ्यातून काढतो. गुलाबी गोंडे दिसले की शेंगा पिकायच्या आत कापून तिथेच आच्छादन करतो. बी एकदा पडलं की कडक सालीमुळे वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं.

कुणाला कुंडीत पोरांना दाखवायला हवी असेल तर बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरा. ऊन भरपूर हवं. शेंगा मात्र झाडावर पिकू देऊ नका.