यवतमाळ जिल्ह्यातील उन्हाळी पक्षिनिरीक्षण

विदर्भाच्या दक्षिण भागातील यवतमाळ जिल्ह्यात वैशाख व ज्येष्ठ महिन्यांत, म्हणजे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, पक्ष्यांचे निरीक्षण करण्याची प्रथा दोन स्वतंत्र प्रवाहांतून आलेली आहे. पहिला प्रवाह शेतकऱ्यांचा असून पेरणीचा काळ ठरविण्यासाठी पक्ष्यांचे आवाज, घरटी व आगमन यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे स्वरूप होय. दुसरा प्रवाह एकोणिसाव्या शतकात यूरोपीय अधिकाऱ्यांच्या नोंदींपासून सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक निसर्गप्रेमींच्या हाती आला. हे दोन्ही प्रवाह दीर्घकाळ एकमेकांपासून अलग राहिले. त्यामुळे ज्या ऋतूत जिल्ह्यातील सामान्य माणूस पक्ष्यांकडे सर्वांत अधिक लक्ष देतो, त्याच ऋतूच्या लेखी नोंदी सर्वांत तुटपुंज्या राहिल्या.

पार्श्वभूमी : जिल्ह्याच्या ईशान्य व पूर्व सीमेवरून वर्धा नदी, तर दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी इ. नद्या याच दोन नद्यांच्या खोऱ्यांतील आहेत. मध्यभागी यवतमाळचे पठार, नदीकाठी काळी कसदार जमीन व डोंगरउतारांवर सागाची शुष्क पानझडी वने अशी जिल्ह्याची सामान्य रचना आहे. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. सागाची पाने गळालेली असतात व बहुतेक नाले कोरडे पडतात. नदीपात्रांतील डोह, धरणांचे जलाशय व वनांतील मोजके पाणवठे एवढ्याच ठिकाणी पाणी उरते. पक्षी तेथे एकवटत असल्याने निरीक्षणास हा काळ सोयीचा ठरतो. शिवाय अनेक स्थानिक जातींचा हा विणीचा हंगाम असतो. राखी धनेशाची मादी या दिवसांत झाडाच्या ढोलीत स्वतःस जवळजवळ बंद करून घेते व नर बाहेरून तिला फळे भरवितो. वड व उंबर यांच्या फळांवर हरियलांचे थवे उतरतात. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय. मेअखेरीपासून नवरंग पक्ष्याची दोन स्वरांची शीळ रानातून ऐकू येऊ लागते.

शेतकऱ्यांची पारंपरिक निरीक्षणे : रोहिणी नक्षत्र मेच्या अखेरच्या आठवड्यात व मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. कापसाच्या या जिल्ह्यात पेरणीचा निर्णय याच दोन नक्षत्रांच्या काळात घ्यावा लागतो. पावसापूर्वी कोरड्या जमिनीत केलेली धूळपेरणी साधली, तर पीक लवकर उभे राहते. मात्र पहिल्या सरीनंतर पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणी करावी लागते. बहुतांश शेती कोरडवाहू असल्याने दुबार पेरणीचा खर्च अनेक कुटुंबांना कर्जात लोटतो. पक्ष्यांविषयीच्या येथील लोकसमजुतींना हा आर्थिक आधार आहे. केवळ कौतुकापोटी त्या निर्माण झालेल्या नाहीत. सहदेव-भाडळीच्या नावाने प्रचलित असलेल्या पर्जन्यविषयक वचनांतही पशुपक्ष्यांच्या वर्तनाला महत्त्व दिलेले आढळते.

या समजुतींत पावश्या, टिटवी, कावळा व चातक हे चार पक्षी प्रमुख आहेत. पावश्याचे शास्त्रीय नाव हायरोकॉक्सिक्स व्हेरियस असे आहे. त्याच्या चढत्या आवाजात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी सूचना ऐकू येते. उत्तर भारतात हाच आवाज ‘पी कहाँ’ असा, तर इंग्रज रहिवाशांना तो ‘ब्रेन फीव्हर’ असा ऐकू येई. वस्तुतः हा नराचा विणीच्या हंगामातील आवाज असून मार्च-एप्रिलपासूनच तो सुरू होतो. पावश्या स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. त्याच्या आवाजावरून पावसाळा जवळ येत आहे एवढे कळते, परंतु पेरणीचा दिवस ठरविता येत नाही.

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर व सखल जागी घातली तर बेताचा, तसेच जितकी अंडी तितके महिने पाऊस, असे मानले जाते. टिटवी सामान्यतः चारच अंडी घालते. त्यामुळे चार महिन्यांच्या पावसाचे भाकीत बहुतेक वर्षी आपोआपच जुळते. मात्र या समजुतीमुळे शेतकरी नांगरटीच्या वेळी टिटवीचे घरटे शोधतो व ते राखून पुढे जातो, हा तिचा एक उपकारक परिणाम होय. उघड्या जमिनीवरील अंडी तापू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून अंड्यांवर बसते, असेही निरीक्षण आहे.

कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर व किती उंचीवर बांधले यावरूनही पावसाचा अंदाज बांधतात. घरटे आंब्यासारख्या डेरेदार झाडावर असल्यास वर्ष चांगले, तर बाभळीसारख्या काटेरी झाडावर असल्यास वाईट, असा संकेत आहे. पावसाशी या निवडीचा संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. मात्र कावळ्याची वीण व कोकिळेचे कूजन एकाच काळात येतात, हे लोकनिरीक्षण अचूक आहे. कारण कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

चातकाची गोष्ट वेगळी आहे. क्लॅमेटर जॅकोबिनस या शास्त्रीय नावाने ओळखला जाणारा हा पक्षी संस्कृत साहित्यात पावसाच्या थेंबांवर जगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. कालिदासाच्या मेघदूत या काव्यात त्याचा उल्लेख असून त्यातील रामगिरी म्हणजे नागपूर जिल्ह्यातील रामटेक असे अनेक विद्वान मानतात. थेंबांवर जगण्याची कल्पना काव्यातील असली, तरी पावसाशी चातकाचा संबंध खरा आहे. दक्षिण भारतात व श्रीलंकेत त्याची एक उपजाती कायम वास्तव्य करते, तर मध्य व उत्तर भारतात येणारे चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेतून स्थलांतर करून येतात. देशभरातील हौशी निरीक्षकांकडून स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखा जमविण्याचा ‘मायग्रंट वॉच’ हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला. चातकाच्या आगमनाच्या नोंदीही त्यात गोळा करण्यात आल्या. लोकपरंपरेतील एक जुने निरीक्षण अशा प्रकारे तारखांच्या कसोटीवर तपासले जाऊ लागले.

लेखी नोंदींचा इतिहास : वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६४ मध्ये त्याच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा करण्यात आला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये पुसद हा तालुका जोडून त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. या काळात मध्य भारतातील पक्ष्यांच्या अभ्यासास सुरुवात झाली होती. भूवैज्ञानिक विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये मध्य, पश्चिम व दक्षिण भारतातील पक्ष्यांवर टिपणे प्रसिद्ध केली. ए. सी. मॅकमास्टर या लष्करी अधिकाऱ्याचे १८७१ मधील टिपण नागपूर, कामठी, चिखलदरा व अकोला येथील पक्ष्यांविषयी आहे. अकोला आणि नागपूर यांच्या दक्षिणेकडील यवतमाळचा प्रदेश त्याच्या शीर्षकातही येत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातील पक्ष्यांची सूची मुंबई निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले. पैनगंगेपलीकडील आदिलाबाद जिल्हा त्या संस्थानात मोडत होता. अलीकडचे वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली असल्याने ते या सर्वेक्षणाबाहेर राहिले. नदीच्या दोन्ही तीरांवरचे रान व पक्षी सारखेच असले, तरी राजकीय सीमेमुळे नोंदी मात्र विभागल्या गेल्या.

नोंदींच्या या अपुरेपणास ऋतूही कारणीभूत होता. प्रशासकीय अधिकाऱ्यांचे दौरे हिवाळ्यात होत. शिकार व नमुने जमविण्याची कामेही बहुधा याच काळात उरकली जात. त्यामुळे बदके, करकोचे, धोबी इ. हिवाळी पाहुण्यांच्या तुलनेने उन्हाळ्यात वीण करणाऱ्या पक्ष्यांकडे कमी लक्ष गेले.

जिल्ह्यातील पक्ष्यांचे सूक्ष्म ज्ञान असलेला आणखी एक वर्ग या लेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहिला. फासेपारधी समाजाचे लोक तितर व लाव्हे यांचा आवाज काढून, पाळीव तितराचे आमिष दाखवून व फासे मांडून पक्षी धरीत. पक्ष्याचा पायरव, चरण्याची वेळ व घरट्याची जागा यांची त्यांना असलेली माहिती पिढीजात होती. तथापि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या समाजांकडे पाहण्याची दृष्टीच दूषित केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने पक्षी पकडण्यावर निर्बंध आले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी ते आवश्यक होते. मात्र उपजीविकेबरोबर त्या ज्ञानाचाही ऱ्हास होऊ लागला. कोलाम, गोंड, आंध व बंजारा या समाजांतील पक्ष्यांची नावे व समजुती यांच्या संकलनाचे कामही असेच महत्त्वाचे आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी विदर्भातील वनवासी व भटक्या जमातींकडून पक्ष्यांची नावे मिळवून ती आपल्या लेखनात आणली. त्यांचा पक्षिकोश (२००२) या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ५ नोव्हेंबर हा त्यांचा व १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिवस असल्याने या दोन दिवसांदरम्यानचा आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षिसप्ताह म्हणून घोषित केला आहे.

पाणवठ्यावरील निरीक्षण : पांढरकवडा व घाटंजी परिसरातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले, त्याचे क्षेत्र सु. १४८ चौ. किमी. आहे. उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, तर पुसद तालुक्याच्या सीमेवरील इसापूर जलाशयाचा परिसर २०१४ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. राज्यातील इतर वनांप्रमाणे येथेही वैशाखी पौर्णिमेच्या म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत आहे. वाघांच्या गणनेसाठी स्वयंचलित कॅमेरे वापरात आल्यापासून या मोजणीचे शास्त्रीय महत्त्व कमी झाले. आता ‘निसर्गानुभव’ या नावाने वन विभाग तीत नागरिकांना सहभागी करून घेतो.

या कार्यक्रमाचा मुख्य भर सस्तन प्राण्यांवर असला, तरी पक्ष्यांच्या अभ्यासास तो विशेष उपयुक्त आहे. पाणवठ्यावर येण्याचा पक्ष्यांचा क्रम ठरलेला असतो. पहाटे मोर व तितर येतात. दुपारी बुलबुल, सातभाई, होले व स्वर्गीय नर्तक सावलीतून उतरून पाणी पितात व अंघोळ करतात. अंधार पडताना रातवे पाण्यावर घिरट्या घालू लागतात. पखुर्डीच्या जातींत वेळेची वाटणी अधिक स्पष्ट दिसते. माळरानावरील साधी पखुर्डी सकाळी उन्हे वर आल्यावर थव्याने पाण्यावर येते, तर रंगीत पखुर्डी तिन्हीसांजेनंतर येते. पखुर्डीच्या काही जातींतील नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून दूरच्या पिलांना पाणी नेतो. मीड-वॉल्डो यांनी १८९६ मध्ये नोंदविलेल्या या निरीक्षणावर दीर्घकाळ विश्वास ठेवला गेला नाही. १९६७ मध्ये केड व मॅक्लीन यांच्या संशोधनाने ते सिद्ध झाले.

जलाशयांचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठांवर व बेटांवर नदी सुरय, आर्ली व टिटवी अंडी घालतात. याच जमिनीत गाळपेर होते, गुरे चरतात व नदीपात्रातून वाळूही उपसली जाते. अंडी वाळूच्या रंगाची असल्याने ती नकळत तुडविली जातात. घरट्यांच्या जागा वेळीच दाखवून देणे हे स्थानिक निरीक्षकाचे या ऋतूतील एक उपयुक्त काम आहे.

सामुदायिक उपक्रम व सद्यस्थिती : महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकापासून पक्षिमित्रांची संमेलने भरू लागली व जिल्ह्याजिल्ह्यांत निरीक्षकांचे गट तयार झाले. २०१५ पासून मे महिन्यात जगभर एकाच दिवशी पक्ष्यांच्या नोंदी करण्याचा उपक्रम चालतो. त्यामुळे हिवाळ्याकडे झुकलेले नोंदींचे पारडे काहीसे समतोल होऊ लागले आहे. घरांच्या व शाळांच्या आवारात मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवण्याची प्रथाही विदर्भात सर्वत्र रूढ झाली आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे जलाशय आटून तीव्र टंचाई निर्माण झाली होती. ज्या जिल्ह्यात माणसांनाही पाण्यासाठी रांगा लावाव्या लागतात, तेथे पक्ष्यांसाठी राखलेल्या पाण्यास वेगळा अर्थ प्राप्त होतो.

शेतीतील बदलांचा पक्ष्यांवरील परिणाम अद्याप पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. ज्वारीचे क्षेत्र घटून कापूस व सोयाबीन वाढल्याने कणसांवर येणारे पक्षी व त्यांना हाकण्यासाठी माळ्यावर गोफण घेऊन बसणारा राखणदार, दोन्ही दुर्मिळ झाले. २०१७ मध्ये जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकभक्षक पक्षी त्याच शेतांतील किडींवर जगतात. पावश्या व चातक यांची पिले वाढविणारा सातभाईही कीटकांवर अवलंबून असल्याने शेतातील कीटकसृष्टीचा परिणाम पेरणीची वर्दी देणाऱ्या पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकतो. हा परिणाम किती व कसा होतो हे ठरविण्यासाठी एकाच गावातील, एकाच शिवारातील अनेक वर्षांच्या तारीखवार नोंदी लागतात. पहिला चातक केव्हा दिसला, टिटवीची अंडी कोठे सापडली, पाऊस केव्हा आला व पेरणी साधली की नाही, हे सांगू शकणारी माणसे गावोगावी आहेत. त्यांची निरीक्षणे तारखांनिशी वहीत उतरली, तर लोकपरंपरा व शास्त्र यांतील अंतर कमी होईल आणि जिल्ह्याच्या पक्षिजीवनाचा उन्हाळ्यातील अध्याय लिहिला जाईल.