जाड, रुंद भौमितिक फॉन्ट म्हणजे काय? ‘खर्डी’ या एका शब्दातून समजून घेऊया

कल्याण-कसारा रेल्वेमार्गावर, शहापूर तालुक्यात खर्डी स्टेशन आहे. समजा, तिथे तुम्हाला दुकानाची पाटी करायची आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या ब्रँडसारखी जाड, पसरट अक्षरं हवी आहेत. इंग्रजी स्पेलिंगमधली सहा अक्षरं त्यात झकास दिसतात. मराठीत मात्र लांबून ‘खर्डी’चं ‘खडी’ वाचलं जाऊ शकतं! असं का होतं?

हा प्रकार नेमका कोणता?

अक्षराच्या टोकांना बारीक आडव्या रेघा नसतात, म्हणून हा सॅन्स सेरिफ. वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर अक्षरं बेतलेली असतात, म्हणून भौमितिक. जर्मन डिझायनर पॉल रेनर यांचा १९२७ सालचा ‘फुटुरा’ हा या घराण्यातला गाजलेला फॉन्ट. त्याच पद्धतीची अक्षरं जाड आणि रुंद रेखाटली की ती लोगो, मथळे, पाट्या यांसाठी उपयोगी पडतात. लांबलचक मजकूर मात्र त्यात वाचवत नाही.

देवनागरीत अडचण कुठे येते?

इंग्रजी कॅपिटल अक्षरं दोन रेषांमध्ये मावतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही जागा लागते. ‘खर्डी’मध्ये दुसरी वेलांटी आणि रफार शिरोरेषेवर एकाच ठिकाणी येतात. रेघ जाड केली की दोघांमधली पोकळी बुजते, रफार दिसेनासा होतो आणि उरते ‘खडी’. ‘ख’ फार पसरट केला, तर तो ‘रव’ वाटू लागतो. ‘व’, ‘ठ’ वर्तुळात सहज बसतात. ‘ख’ किंवा ‘क्ष’ बसवायला कसब लागतं.

मग उपाय काय?

डिझायनर रेघा जुळतात तिथे त्या किंचित बारीक करतात. वेलांटी आणि रफार यांचा जोडआकार वेगळा काढतात. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ हे याचं परिचित उदाहरण. २०१४ मध्ये आलेल्या या फॉन्टची देवनागरी निनाद काळे यांनी, तर रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटली. तो फार पसरट नाही, पण वर्तुळावर बेतलेला आहे आणि त्यात बारीक ते अतिजाड अशा ९ जाड्या मिळतात. एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ भौमितिक नाही; मात्र अक्षरं गुबगुबीत ठेवूनही आतली पोकळी बारीक रेघेसारखी कशी जपता येते, ते त्यात दिसतं. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

पाटी छापण्याआधी हे तपासा

- बारीक फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये ओढून रुंद करू नका. उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात. मुळात रुंद काढलेला फॉन्टच निवडा.
- नाव मोबाइलवर अगदी लहान करून पाहा. रफार दिसला नाही, तर एक पायरी कमी जाडी घ्या.
- ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, ते बघा.
- २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दोन्ही लिपींना फॉन्टचा आकडा सारखा दिला, तरी मराठी अक्षर लहान दिसू शकतं. त्यामुळे प्रत्यक्ष उंची मोजूनच छपाईला द्या.